समुद्रात चालतं ते डोंगरात का नाही?

गेल्या दिवाळीत मी एक घड्याळ घेतलं. खरी किंमत घरी अजून कुणाला माहीत नाही, खोकं ऑफिसातच फोडून टाकलं. घड्याळात होकायंत्र आहे. हवेचा दाब मोजून ते उंची सांगतं, आलो त्या वाटेची रेघ जपून ठेवतं, नाडीचे ठोके मोजतं. रात्री माझी झोप कशी झाली हेही ते सकाळी सांगतं, आणि ती वाईट झाली असं कळलं की दिवस खरंच वाईट जातो. तरी वस्तू मला आवडते. ज्याने तरुणपणी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून सह्याद्री पालथा घातला, त्याला मनगटावर वाट दिसणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना समजावता येणार नाही.

त्या घड्याळाची मर्यादा नोव्हेंबरात कळली. आम्ही पाचजण हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. पाचनईतून चढलो, रात्र कोकणकड्यापाशी काढली आणि दुसऱ्या दिवशी साधले घाटाने खाली बेलपाड्यात उतरायला लागलो. आम्हाला उतरवायला बेलपाड्याचा एक दादा आदल्या दिवशीच वर आला होता. घाट अर्ध्याहून जास्त उतरला असेल. वाळक्या गवतावरून आमच्यातल्या एकाचा पाय सरकला. वय ५३, बँकेत अधिकारी, आमच्यात सगळ्यात जपून चालणारा माणूस. घोटा हा हा म्हणता सुजला आणि पाऊल जिकडे वळायला नको तिकडे वळलेलं दिसलं.

पाच फोन बाहेर निघाले. पाचही फोनांवर रेंजच्या जागी फुली. मी घड्याळ बघितलं. उंची ७८० मीटर. माझी नाडी १२१. सूर्यास्ताला साडेतीन तास बाकी. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत. जगाच्या पाठीवर आम्ही नेमके कुठे आहोत हे मला काही पावलांच्या चुकीने माहीत होतं, आणि ते कुणालाही सांगता येत नव्हतं.

दादा म्हणाला, "रेंज नाय हितं. मी खाली जातो, पोरं घेऊन येतो. तुम्ही हलू नका." पायात रबरी चपला. तो उतरून दिसेनासा व्हायला पाच मिनिटंही लागली नसतील. तीन तासांनी सातजण आले. दोघांच्या खांद्यावर बांबू, एकाकडे घोंगडी आणि दोर. झोळी बांधली, जखमी माणसाला तिच्यात घातलं आणि काळोखात, आळीपाळीने खांदा बदलत, विजेरीच्या उजेडात आम्हाला वाडीत पोचवलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. पैशांचं विचारलं तर एकजण म्हणाला, "जीपचं भाडं तेवढं द्या, ती वाट बघत थांबलीय." बाकीचे पैसे आम्ही बळंच दिले.

हाड जुळलं. माणूस आता चालतो. पण त्या तीन तासांत दगडावर बसून जो विचार सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. घोट्याच्या जागी डोकं असतं तर? रक्तस्राव असता तर?

लगेच कुणी म्हणेल, अहो, उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मिळतात की. मिळतात. तळहातावर मावेल एवढं यंत्र, बटण दाबलं की मोबाइल टॉवर नसला तरी थेट उपग्रहाकडून मदतीचा निरोप जातो. युरोप-अमेरिकेत डोंगरात जाणारे ते सॅकच्या पट्ट्याला अडकवूनच निघतात. २०२२ साली आयफोन १४ आला तेव्हापासून ही सोय साध्या फोनातही शिरली आहे. पण तोच फोन इथे घेतला तर ती सोय चालत नाही. आणि स्वतंत्र यंत्र विनापरवाना जवळ बाळगणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलेलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अशाच यंत्रापायी अडवलं गेलं. ती कुणाची हेर नव्हती. तिच्या देशात ते यंत्र आपल्याकडे शिट्टी मिळते तसं दुकानात मिळतं.

बंदीमागचं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत उतरलेल्या अतिरेक्यांनी 'कुबेर' नावाची मच्छिमार बोट पळवली होती आणि त्या बोटीवर नंतर सॅटेलाइट फोन सापडला. परदेशी कंपनीचा उपग्रह, परदेशातलं केंद्र. बोलणं कुणाचं, कुणाशी, हे आपल्या यंत्रणांना कळायला मार्ग नाही. असा फोन कुणीही खिशात घालून फिरावा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्या रात्री मी मुंबईत होतो.

पण मग समुद्राकडे बघा. कारण समुद्रावर हाच प्रश्न सुटलेला आहे, आणि सोडवला आहे तो सरकारनेच.

इस्रोने मच्छिमारांसाठी एक यंत्र बनवलं. नाव डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर, बोली भाषेत डॅट. २०१० पासून ते वापरात आहे आणि वीस हजारांवर यंत्रं बोटींवर पोचली आहेत. बोट बुडायला लागली, आग लागली, कुणी आजारी पडलं, तर खलाशाने बटण दाबायचं. निरोप आपल्याच उपग्रहावरून आपल्याच नियंत्रण केंद्रात जातो, तिथे बोट कुठली आणि आहे कुठे हे उलगडतं आणि तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राला कळवलं जातं. पहिल्या यंत्रात एक उणीव होती. निरोप पोचला की नाही हे खलाशाला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीचं यंत्र आलं, त्यात उलट उत्तर येतं. ते ब्लूटूथने मोबाइलला जोडता येतं आणि निरोप आपल्या भाषेत वाचता येतो. वादळाचा इशाराही त्यावर धाडता येतो.

मला हे वाचून आनंद झाला आणि रागही आला. निरोप पोचला, एवढे तीन-चार शब्द साधले घाटात त्या दगडावर आम्हाला मिळाले असते तर ते तीन तास वेगळे गेले असते. 'मदत येतेय' हे माहीत असलेला जखमी आणि ते माहीत नसलेला जखमी, दोघांचा घोटा तेवढाच मोडलेला असतो, पण दुसऱ्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आता एक तारीख सांगतो. ३० ऑगस्ट २०२४, पालघर. चार दिवसांपूर्वी मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला होता. उद्घाटन होऊन त्याला नऊ महिनेही झाले नव्हते. पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तीच बातमी होती, आणि पुढचा आठवडाभर वाहिन्यांवर माफी पुरेशी की अपुरी, मनापासूनची की मतांसाठीची, हेच. त्यात काही गैर नाही, माफी ही मोठीच बातमी होती. वाढवण बंदराची पायाभरणीही त्याच कार्यक्रमात झाली, तिच्यावरही बोललं गेलं. पण त्याच मंचावरून आणखी एका गोष्टीचा आरंभ झाला होता, ती मला कित्येक महिन्यांनी, दुसरंच काही शोधताना सापडली. मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारी १ लाख यंत्रं बसवायची देशव्यापी योजना. इस्रोचं तंत्रज्ञान, तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, सुमारे ३६० कोटी खर्च.

म्हणजे एकाच दुपारी, एकाच मंडपात, गड आणि उपग्रह दोन्ही होते. गडाच्या वाट्याला पुतळ्याचा वाद आला आणि उपग्रहाचं यंत्र समुद्राच्या वाट्याला गेलं. ते डोंगराला लावून बघावं असं मंडपात कुणाच्या मनात आलं नसेल. खरं सांगायचं तर इतकी वर्षं डोंगरात फिरून माझ्याही मनात आलं नव्हतं, घोटा मोडेपर्यंत.

२६/११ नंतर समुद्रावर काय झालं ते आठवा. सरकारला भीती वाटली की कुठल्याही बोटीतून कुणीही येईल. म्हणून मच्छिमारी बंद केली का? बोटींची नोंदणी कडक केली, खलाशांना ओळखपत्रं दिली, बोट कुठे आहे हे कळेल अशी यंत्रं द्यायला घेतली. सुरक्षेची भीती आणि माणसाचा जीव, दोन्ही एकाच यंत्रात बसवले. जमिनीवर मात्र त्याच भीतीतून निघालं ते नुसतं 'नाही'. ज्याला उपग्रहाशी बोलायचं तो संशयित, मग तो कड्यावर लोंबकळत असला तरी. नोंदणी केलेलं, आपल्याच उपग्रहावरून बोलणारं, मदतीच्या हाकेपलीकडे काहीच न करू शकणारं यंत्र डोंगरात चालवायला सुरक्षेची कुठली अडचण येते, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

गॅजेट आणि राजकारण हे दोन वेगळे विषय आहेत असं आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर ठासून सांगितलं जातं. 'इथे राजकारण नको' हा ग्रुपचा पहिला नियम. माझ्या मनगटावरचं घड्याळ वाट दाखवतं, तेही राजकारणामुळेच. जीपीएस हे अमेरिकी लष्कराचं. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम चूक घालून ठेवत, शंभरेक मीटरपर्यंतची. सह्याद्रीत शंभर मीटरची चूक म्हणजे वाट आणि दरी यांतला फरक. १ मे २००० ला क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांना नीट दिसायला लागलं. नवीन उपग्रह सोडला नव्हता, नवीन चिप आली नव्हती. एका सहीचं काम होतं. म्हणून घड्याळात काय काय आहे यापेक्षा त्यातलं काय काय चालू द्यायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो नागरिकांचा प्रश्न आहे आणि आपण तो गॅजेटची परीक्षणं लिहिणाऱ्यांवर सोडून दिला आहे.

आपल्या राज्यकर्त्यांना डोंगरात दोनच कामं येतात, एक बंदी घालणं आणि दुसरं फीत कापणं. पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण यात सगळे सारखेच पारंगत आहेत.

बंदीचा हंगाम जून-जुलै. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, पाचजण गेले. ते दृश्य साऱ्या देशाने फोनवर पाहिलं. पुढच्या काही दिवसांत पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. आधी ज्याला कलम १४४ म्हणत ते आता नव्या संहितेत १६३ झालं आहे, एवढाच बदल. पुढच्या वर्षी १५ जूनला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, चारजण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. फलक लावला की प्रशासनाचं काम संपतं आणि फलकाला टेकून फोटो काढला की आपलं.

बंदी कधीच नको असं नाही. हरिहरच्या त्या खड्या कोरीव पायऱ्यांवर भर पावसात वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात तेव्हा पायथ्याला पोलीस उभा करून माणसं मोजूनच सोडली पाहिजेत, त्याला दुसरा उपाय नाही. पण मोजून सोडणं वेगळं आणि जिल्हाच्या जिल्हा बंद करणं वेगळं. मोजायला माणूस लागतो, पगार लागतो. आदेशाला एक कागद पुरतो.

बंदी घालणाऱ्याची हद्दही डोंगराला कळत नाही. कोकणकड्याचंच घ्या. त्या परिसरात तीन जिल्हे भिडतात. पाचनई अहिल्यानगरात, खिरेश्वर पुण्यात, बेलपाडा ठाण्यात. तीन जिल्हाधिकारी, तीन पोलीस अधीक्षक, वर अभयारण्य म्हणून वनखातं. तिथे पाय मोडला तर तक्रार कुठल्या ठाण्यात, रुग्णवाहिका कुठून, आणि पावसाळ्यात एका जिल्ह्याने आदेश काढला आणि शेजारच्याने काढला नाही तर माणूस एकाच वाटेवर चालता चालता गुन्हेगार होतो आणि पुन्हा सज्जन होतो. समुद्रावर ही गंमत कमी आहे, कारण हाक गेली की ती कुणाकडे जायची हे आधीच ठरलेलं आहे.

फीत कापण्याचा हंगाम मात्र बारमाही. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मला अभिमान वाटला, पेढेही वाटले, खोटं कशाला बोलू. त्या वर्षीच किल्ल्यांवरची अतिक्रमणं हटवायला जिल्हावार समित्या नेमल्या गेल्या, ४७ केंद्राचे आणि ६२ राज्याचे संरक्षित किल्ले, मुदत ३१ मे. केंद्राची 'पर्वतमाला' योजना २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आहेच, तिच्यातून आणि राज्याच्या पैशातून कुठे कुठे रोपवे होणार याच्या याद्या अधूनमधून छापून येतात. याद्यांत आपल्या गडाचं नाव दिसलं की आमचे लोक दोन तट करून भांडतात.

रोपवेला माझा सरसकट विरोध नाही, हे ऐकून काही मित्र दुरावतील. माझ्या आईने सत्तरीत रायगड पाहिला तो १९९६ पासून चालू असलेल्या रोपवेमुळेच. समाधीपाशी ती बराच वेळ काही न बोलता उभी होती. तिला पायऱ्या चढून ये म्हणणारा मी कोण? पण राजगडावर पाळणा न्यायचा तर संजीवनी माचीवर काय उरेल, हेही मला दिसतं. हा वाद मोठा आहे आणि इथे मी तो घालणार नाही. मला खटकतं ते एवढंच की माणसाला वर न्यायचा विचार करायला योजना आहे, कंपनी आहे, आराखडा आहे. वर अडकलेल्या माणसाला खाली आणायचा विचार स्वयंसेवकांवर सोडलेला आहे.

ही माणसं कोण आहेत? लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, आणि त्यांच्यासारखे गावोगावचे गट. कुणी रिक्षा चालवतो, कुणाचं किराणा दुकान आहे, कुणी शाळेत शिकवतो. फोन आला की दुकान बंद करून दोर उचलायचा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली तेव्हा त्या दरीत उतरले ते असेच लोक. अशा गटांना जोडणारं राज्यभरचं एक समन्वय केंद्रही गिर्यारोहकांनीच उभं केलं आहे, फोनवर स्वयंसेवक असतात. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. ते जवान शूर आहेत, पण नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरायची वाट कुठून आहे हे त्यांना बेलपाड्याच्या दादालाच विचारावं लागणार.

दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, गोविंदांना विमा मिळाला, मृत्यू झाल्यास दहा लाख. उत्तम झालं. थरावरून पडणाऱ्या पोराच्या आईलाही आईच म्हणतात. मग अनोळखी माणसासाठी रात्री दरीत उतरणाऱ्याला विमा, दोर आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी सरकारने हक्क म्हणून द्यावी, दरवेळी सत्कार आणि शाल देऊन भागवू नये, एवढं मागणं फार नाही.

आता माझ्यावरच येणारा आक्षेप. असं यंत्र मिळालं तर माझ्यासारख्या पुण्या-मुंबईच्या भरल्या खिशाच्या लोकांची सोय होईल, डोंगरात राहणाऱ्याला काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर इर्शाळवाडीत आहे. इर्शाळगड आम्हा भटक्यांचा आवडता, एका दिवसात होणारा. त्याच्या अंगावरची ती ठाकरवाडी आम्ही पाणी प्यायला थांबायची जागा म्हणून ओळखत होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर तिच्यावर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, खणायची यंत्रं वर नेता येत नव्हती. बचावपथकं निसरड्या पाऊलवाटेने अंधारात चढली. चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, हे नंतर विधानसभेत सांगितलं गेलं. आधी २०१४ ला माळीण झालं होतं, २०२१ ला तळिये झालं होतं. यंत्राने दरड थांबत नाही. पण वादळाचा इशारा रत्नागिरीच्या बोटीला उपग्रहावरून पोचू शकतो, तर अतिवृष्टीचा इशारा रेंज नसलेल्या वाडीला का पोचू नये? आणि वाडीतून खाली हाक का जाऊ नये? सर्पदंश, अडलेली बाळंतीण, झोळीतून रात्री उतरवलेले पेशंट, हे सगळं बेलपाड्याच्या त्या सातजणांसाठी नवं नव्हतं. म्हणून तर ती झोळी त्यांना दहा मिनिटांत बांधता आली. आमच्यासाठी तो प्रसंग होता, त्यांच्याकडे ती नेहमीची रीत होती.

म्हणून मला ते यंत्र दुकानात विकायला नको आहे. ते पायथ्याच्या गावात असावं. वनखात्याच्या हद्दीत अनेक ठिकाणी गावची संयुक्त वनव्यवस्थापन समिती आमच्याकडून पैसे घेतेच. सिंहगडावर त्या पावतीचं नाव 'उपद्रव शुल्क' आहे, जे माझ्या मते अत्यंत प्रामाणिक नाव आहे. तिथेच नाव, गाव, ओळखपत्र नोंदवायचं, अनामत ठेवायची आणि यंत्र गळ्यात घालून वर जायचं. संध्याकाळी परत करायचं. यंत्र परत आलं नाही तर माणूस परत आलेला नाही, हेही आपोआप कळलं. भाडं गावाकडे, आणि एक यंत्र कायमचं वाडीत, ते भाड्याने द्यायचं नाही. खोटी हाक दिली तर जबर दंड. पोरं खोट्या हाका देणार, हे मी धरूनच चालतो. अग्निशमन दलालाही खोटे फोन येतात म्हणून कुणी त्यांचा नंबर बंद केलेला नाही.

जुने गिर्यारोहक मला म्हणतात की असलं काही हातात दिलंस की माणसं आणखी बेफिकीर होतील. पाय घसरला तर बटण आहे, मग रात्री नाळेत उतरायला काय हरकत? हे म्हणणं मला रात्री झोपताना पटतं आणि सकाळी पटत नाही. बेफिकिरी वाढली ती घड्याळाने नाही, तर फोनवर पाहिलेल्या तीस सेकंदांच्या चित्रफितींनी, आणि ती आधीच वाढलेली आहे. अनुभवी माणूसही डोंगरात जिवाला मुकतोच. जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरच अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक आपण गमावला. हाक मारायची सोय काढून घेऊन कुणाला शहाणपण शिकवता येतं असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. कोकणकड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला तर मी त्या गडावर जाणं सोडून देईन. फुली दिसणारा फोन हे माझ्या वर्षातलं सगळ्यात मोठं सुख आहे. ऑफिसचा फोन लागत नाही, ग्रुपवरची भांडणं खाली राहतात, कुठला आमदार कुठल्या पक्षात गेला हे दोन दिवस उशिरा कळतं आणि तोवर तो कधी कधी परतही आलेला असतो. ही शांतता मला जपायची आहे. उपग्रहाच्या यंत्राला टॉवर लागत नाही, त्यावर चित्रफीत चढवता येत नाही, त्यातून फक्त हाक जाते. रेंज नसलेला डोंगर आणि निरोप पोचणारा डोंगर, दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

बीएसएनएलने २०२४ च्या अखेरीला साध्या फोनवरून थेट उपग्रहाकडे निरोप पाठवायच्या सेवेची घोषणा केली आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकलाही उपग्रह सेवेचा परवाना मिळाला. म्हणजे आकाश हळूहळू उघडतंय. पण ते बाजाराच्या गतीने उघडणार, आणि बाजार आधी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडे जाणार. वाडीकडे शेवटी. सरकारने खलाशासाठी बाजाराची वाट पाहिली नाही, स्वतः यंत्र बनवलं आणि बोटीवर नेऊन बसवलं. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याला डोंगरातली गावं इतका कडाडून विरोध का करतात, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे येतात, सहावा ३१ जुलै २०२४ ला आला, आणि गावाला ऐकू येतं ते एकच, की आणखी एक बंदी आली. ज्या सरकारने कधी काही हातात दिलं नाही, त्याने घातलेली योग्य बंदीही गाव ऐकत नाही. आधी यंत्र द्या, इशारा द्या, झोळी वाहणाऱ्याला मजुरी द्या. मग जंगलाबद्दल बोलायला बसलो तर ऐकणारं कुणी असेल.

जानेवारीत बेलपाड्याला पुन्हा गेलो, मोडलेल्या घोट्याचा मालक बरोबर होता, काठी घेऊन. त्या सातजणांसाठी दोन दोर आणि एक घडीचं स्ट्रेचर नेलं होतं. दादाला डॅटबद्दल सांगितलं. त्याचा एक नातेवाईक बोटीवर कामाला जातो, त्यामुळे त्याला ते माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. "त्येच्या बोटीवर हाय ते," तो म्हणाला. "मग आमच्याकडं का नाय? तुम्ही लिहिता ना, लिवा की."

लिहिला आहे अर्ज. दोन पानी, वर नकाशा जोडलाय, घड्याळातून काढलेला. फक्त पाकिटावर जिल्हाधिकारी ठाण्याचे घालायचे, पुण्याचे की अहिल्यानगरचे, ते ठरत नाही. तिघांनाही पाठवतोय.